यादीत नसलेलं भाकीत

नाताळाला तीन आठवडे होते. रविवारची उपासना आटोपून पास्टर सुगत धुरपताच्या अंगणात आले, तेव्हा ती चुलीवरच्या डेगीत टसर रेशमाचे कोसे उकळत होती. रविवारी काम काढायचं हे तिनं अलीकडे मुद्दाम सुरू केलं होतं. पिपरटोल्यातली अकरा ख्रिस्ती घरं तिच्याच अंगणावरून टिनाच्या सभागृहाकडे जायची. जाता-येता त्यांना दिसावं, की धुरपता घरात आहे, धडधाकट आहे, आणि तरी येत नाही.

"बसा म्हनत नाही," डेगीवरची नजर न काढता ती म्हणाली. "काय काम हाय ते सांगा."

पास्टर तिशीतले, भंडारा शहरात वाढलेले, स्वभावानं भिडस्त. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "नाताळचे शास्त्रपाठ आहेत, ताई. सात. दरवर्षी तुम्हीच वाचता. सारेच म्हणून राहिले, धुरपताताईच पाहिजे."

"कोन्या तोंडानं वाचू जी?" धुरपतानं झारा डेगीच्या काठावर आपटला. उकळतं पाणी तिच्या पायावर उडालं, तिनं पाय हलवला नाही. "तुमीच म्हनले होते ना, देवाले आपल्या बगिच्यासाठी फूल पाहिजे होतं? मंग त्या बगिच्याच्या माळ्यालेच वाचाले लावा."

पास्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी कागद ओट्यावर ठेवला, उडू नये म्हणून त्यावर मूठभर कोसे ठेवले आणि मान खाली घालून निघून गेले.

ते फुलाचं वाक्य त्यांनी सप्टेंबरात म्हटलं होतं. डिंपलच्या मातीच्या दिवशी, खड्ड्याच्या काठावर उभं राहून. ते त्यांचंही नव्हतं. मातीला गेलं की कोणीतरी म्हणतंच, तसं म्हटलं होतं. पण धुरपताच्या कानात ते काचेच्या तुकड्यासारखं रुतून बसलं होतं.

डिंपल तिची एकुलती एक लेक. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली. ती बारा वर्षं धुरपतानं कशी काढली ते तिचं तिलाच ठाऊक. माहेर आंधळगावचं, कोष्ट्याचं, म्हणजे विणकराचं. बाप म्हणाला होता, तुले सातवीपर्यंत शिकवतो. दुसरीतून काढून सूत काढायला बसवलं. लग्नात सासरे म्हणाले होते, सूनबाईले हातमाग घेऊन देऊ; हातमाग काही आला नाही. तीन सरपंचांनी तीन वेळा घरकुलाचा शब्द दिला. घर अजून मातीचंच. नवरा नत्थू राईस मिलमध्ये पोती उचलायचा. माणूस चांगला, पण शब्द द्यायचाच नाही, म्हणून मोडायचाही नाही.

अशात सरकारी दवाखान्यात उर्वशीबाई नावाच्या नर्स बदलून आल्या. ख्रिस्ती होत्या. दुपारी त्यांच्या क्वार्टरच्या ओसरीवर त्यांनी धुरपताला अक्षरं गिरवायला लावली, आणि पुस्तक म्हणून हाताशी होतं ते बायबल. धुरपता एकेक अक्षर लावत वाचायला शिकली ती यशया संदेष्ट्याच्या पानांवर. अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा उजेड दिसला, आपल्यासाठी बाळ जन्मलं आहे, असं काहीसं तिथं होतं.

"हे येशूच्या जन्माचं लिहेल हाय?" तिनं विचारलं.

"हो. पण जन्माच्या सातशे वर्षं आधी."

धुरपता त्या दिवशी घरी गेली ती सातशे हा आकडा घेऊन. चमत्कारांनी तिला कधी भुरळ घातली नाही. आजार बरे होतात, भुतं पळतात, हे सगळेच सांगतात. पण आधी सांगायचं, लिहून ठेवायचं, आणि मग सातशे वर्षांनी का होईना, करून दाखवायचं? तिच्या उभ्या आयुष्यात असं कोणी भेटलं नव्हतं. बेथलेहेम म्हटलं तर बेथलेहेमच. बोलतो ते करतो, असा एक जण निघाला, एवढ्यावर तिनं बाप्तिस्मा घेतला. नत्थू तिच्या मागोमाग पाण्यात उतरला, तोही न बोलता. सासू म्हणाली, देव बदलला, आता पाहा काय होते ते. झालं ते असं, की दोन वर्षांनी डिंपल झाली.

तेव्हापासून नाताळच्या सकाळी भाकितं वाचायचं काम धुरपताचं. खणखणीत आवाज. 'सांगितलं होतं' या शब्दावर ती असा जोर द्यायची, की लहान पोरं घरी जाऊन तिची नक्कल करायची. डिंपल सर्वांत छान करायची.

डिंपल गेली ती सप्टेंबरच्या एका सोमवारी, संध्याकाळी पाच वाजता, शाळेतून येताना. रेतीच्या टिप्परनं उडवली. पावसाळ्यात रेतीघाट बंद असतात. कागदावर घाट बंद, म्हणजे टिप्पर नाही. टिप्पर नाही, म्हणजे धडक देणारं 'अनोळखी वाहन'. ठाण्यातल्या जमादारानं पुढं असंही लिहिलं, की मुलगी अचानक धावत रस्त्यात आली. डिंपल कधी धावायचीच नाही. तिचा उजवा पाय जन्मापासून थोडा अधू होता. हे धुरपतानं जमादाराला तीनदा सांगितलं. त्यानं तिन्ही वेळा मान हलवली आणि कागदावर काहीही लिहिलं नाही.

टिप्परच्या नंबरावर चिखल थापलेला होता. पण समोरच्या काचेवर मालकाचं नाव लाल अक्षरांत होतं, आणि ते शेजारच्या रुखमिणीनं पाहिलं होतं. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती त्याच रस्त्यानं येत होती. गोपीचंद. आसपासच्या पंधरा गावांत रेती त्याची, जेसीबी त्याचे. रुखमिणीनं हे त्या संध्याकाळी छाती पिटत सगळ्या गावासमोर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ठाण्यात मात्र ती म्हणाली, भाऱ्यामुळे काही दिसलं नाही जी. तिचा मोठा मुलगा मंगेश गोपीचंदच्याच जेसीबीवर कामाला होता. धुरपतानं तिला त्यानंतर हाक मारली नाही. दोघींच्या अंगणांत फक्त बांबूच्या तट्ट्याचं कुंपण. पलीकडचा खोकला इकडे ऐकू यायचा.

तीन महिने धुरपता संतापावर जगली. रागानं उठायची, रागानं सूत काढायची, ताटावर बसली की रागानं चार घास गिळायची. नत्थूवरही राग, कारण तो गप्प होता. मिलमधून यायचा, हातपाय धुवायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. आणि सर्वांत मोठा राग त्याच्यावर, जो बोलतो ते करतो म्हणून ती इतकी वर्षं भर सभेत सांगत आली होती.

त्या रविवारी पास्टर गेल्यावर तिनं ओट्यावरचा कागद उचलला तो चुलीत टाकायलाच. पण वाचता येणाऱ्या माणसाला हातातलं न वाचता जाळणं जड जातं. सातही पाठ ओळखीचे. यशया, मीखा, पुन्हा यशया. तिनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, आत जाऊन पेटीतून बायबल काढलं आणि ओट्यावर आदळलं. तिला देवाचा एक तरी शब्द खोटा निघालेला पाहिजे होता. एक सापडला की ती मोकळी होणार होती. मग पास्टरच्या तोंडावर तो कागद फेकता आला असता, सासूला म्हणता आलं असतं, तुझंच बरोबर होतं.

येशूच्या जन्माची गोष्ट लिहिणाऱ्या मत्तयापासून सुरुवात करून ती बसली. कुठलं भाकीत कुठं पुरं झालं, हे तो दरवेळी सांगतो. कुमारीला मुलगा होईल: पहिलं. बेथलेहेम: दुसरं. मिसर देशातून माझ्या मुलाला बोलावलं: तिसरं. आणि नासरेथच्या आधी, चौथं.

ते यादीत नव्हतं.

धुरपतानं कागद पुन्हा पाहिला. पहिलं होतं, दुसरं होतं, तिसरं होतं, मग एकदम नासरेथ. पुस्तकातलं चौथं गाळलेलं. इतक्या वर्षांत एकदाही तिच्या हाती ते दिलं गेलं नव्हतं. वाचताना नजरेखालून गेलं असेल, पण ज्याचं लेकरू घरात खेळतं आहे त्याची नजर अशा ओळीवर थांबत नाही.

नवा राजा जन्मल्याचं ऐकून हेरोद राजानं माणसं पाठवली, आणि बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली सगळी मुलं मारून टाकली. तेव्हा यिर्मया संदेष्ट्यानं सांगितलेलं पुरं झालं: रामा गावात आक्रोश ऐकू येतो आहे, त्या लोकांची आदिमाता राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आहे, आणि कोणी समजूत घातली तरी ती ऐकत नाही. कारण लेकरं राहिली नाहीत.

धुरपता उठली. दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून जमिनीवर बसली. तिला रडू आलं नाही. राग आला.

डेगीतलं पाणी थंड होऊन कोसे तसेच पडले होते. बायबल पदराखाली धरून ती तडक पास्टरांच्या घरी गेली. त्यांची बायको दीपमाला नाताळच्या करंज्यांसाठी रवा भाजत होती. धुरपताला पाहून तिच्या हातातला झारा थांबला.

"हे काहून नाही वाचत?" धुरपतानं पान उघडून पास्टरांसमोर धरलं.

पास्टरांनी पाहिलं आणि लगेच ओळखलं. "ताई, नाताळ आनंदाचा दिवस. समोर लहान लेकरं बसतात. मले शिकवलं तसंच..."

"ज्यानं लिवलं त्यानं नाताळाच्याच गोष्टीत लिवलं ना? तेथं लेकरं नवती? लेकरंच तं होती!" तिचा आवाज गल्लीत ऐकू गेला असणार. "तीन महिन्यांपासून सारे मले म्हनून राहिले, शांत हो, विश्वास ठेव, देवाची मर्जी. आन् येथं देवाच्याच पुस्तकात हाय का ती बाई शांत होत नाही! कोनी तिले रागावलं का? विश्वास नाही म्हनलं का? सहाशे वर्षं आधीपासून तिचं रडनं लिहून ठेवलं, आन् तुमी ते मायापासून लपवलं!"

"लपवलं नाही, ताई..."

"आनखीन एक वाचा." तिनं बोट ठेवलं. सुताला गाठ कुठं आहे हे अंधारातही ओळखणारं बोट होतं ते. "मिसराच्या ठिकानी काय हाय? 'पूर्ण व्हावं म्हनून' असं झालं. नासरेथाच्या ठिकानी? 'पूर्ण व्हावं म्हनून'. आन् येथं? 'तेव्हा पूर्ण झालं.' 'म्हनून' नाही. म्हनजे देवानं नाही करवलं ते. हेरोदानं केलं. बगिच्यासाठी फुलं नाही तोडली कोनी. राजानं मारली लेकरं, आन् ज्यानं मारली त्याचं नाव लिवलं हाय. 'अनोळखी' नाही लिवलं."

पास्टरांनी तिच्या बोटाखालच्या त्या तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या. सेमिनरीत चार वर्षं शिकताना हे त्यांच्या नजरेला आलं नव्हतं.

"आता हे सांगा," धुरपताचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "येशूच्या बापाले, योसेफाले, सपनात सांगितलं, उठ, लेकरू घेऊन पळ. बाकीच्या बापायले काहून नाही सांगितलं?"

दीपमालानं गॅस बंद केला. पास्टर म्हणाले, "ते वाचलेलं लेकरूही पुढं तसंच मारलं गेलं, ताई. राज्य करणाऱ्यांच्याच हातून. तिथं त्याले कोणी पळवलं नाही."

"ते मले माहीत हाय. पन ते तीस वर्षांनी. त्या रातीचं सांगा."

"मले नाही माहीत," पास्टर म्हणाले. "खरंच नाही माहीत. आणि ते फुलाचं मी बोलायले नको होतं. माफ करा."

तीन महिन्यांत तिच्याशी कोणी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. धुरपता खाली बसली.

पास्टरांनी मग स्वतःच यिर्मयाचं पुस्तक काढलं. राहेलच्या रडण्याची ओळ तिथं कुठून आली ते दाखवलं. शत्रू लोकांना धरून परदेशी नेत होता, तेव्हाची. आणि त्या ओळीच्या खालची ओळ वाचून दाखवली, जी मत्तयानं लिहिली नव्हती. देव राहेलला म्हणतो, डोळे पूस; तुझी लेकरं शत्रूच्या देशातून परत येतील; तुझ्या शेवटाला आशा आहे.

"परत येतील," धुरपता म्हणाली. ते शब्द तिनं चाखून पाहिल्यासारखे म्हटले, आणि ते तिला गोड लागले नाहीत. "मी हे दोनी वाचीन. वरचं बी आन् खालचं बी."

पास्टर अवघडले. मग त्यांनी सांगितलं, की या वर्षी नाताळाला गोपीचंद येणार आहे. जिल्हा परिषदेला उभा राहणार आहे. मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर, सगळं त्याच्याकडून. मंडळीच्या कारभाऱ्यांनी पास्टरांना न विचारताच हो म्हटलं होतं.

धुरपता हसली. ते हसणं पाहून दीपमालानं नजर फिरवली.

"येऊ द्या," ती म्हणाली. "हेरोद बी म्हनला होता ना, मले बी त्या बाळाले नमन कराले याचं हाय म्हनून."

नाताळच्या सकाळी सभागृहासमोर गुलाबी-पांढऱ्या कापडाचा मांडव होता. वर कागदी तारा, आणि ताऱ्यापेक्षा मोठा फलक, त्यावर हात जोडलेला गोपीचंद. तो स्वतः पहिल्या रांगेत बसला होता, खांद्यावर मंडळीनं दिलेली शाल. मागच्या बाजूला कढईत पुऱ्या तळत होत्या. धुरपता बायबल घेऊन आली आणि खुर्चीवर बसली. तिच्यामागून नत्थू आला आणि बायकांच्या बाजूला, तिच्या खुर्चीच्या मागं उभा राहिला. त्याला कोणी पुरुषांकडे जा म्हटलं नाही.

पास्टर उठले. "आज आठ पाठ आहेत," ते म्हणाले. "एक पाठ मी इतकी वर्षं गाळत आलो. आज गाळणार नाही."

धुरपतानं पहिले पाठ वाचले. 'सांगितलं होतं' हा शब्द आला की पूर्वीसारखाच जोर, पण आता तो जोर ऐकून पोरं हसली नाहीत. मग हेरोद आला. तिनं सावकाश वाचलं. राजानं माणसं पाठवली. किती वर्षांची लेकरं. कोणतं गाव. राहेल रडते, आणि ती कोणाची समजूत ऐकत नाही. तिनं पुस्तक मिटलं, बोट आतच ठेवलं.

"मी भाषण देत नाही," ती लाउडस्पीकरात म्हणाली. "येवढंच सांगतो. बेथलेहेमात एखादा जमादार असता तं त्यानं लिवलं असतं, लेकरं अचानक धावत तलवारीसमोर आली. देवानं तसं नाही लिवलं. येशू जन्मला त्याच गोष्टीत, त्याच पानावर, देवानं त्या बायायचं रडनं ठेवलं. मायी डिंपल धावत नवती. तिले धावताच येत नवतं."

कढईत पुरी टाकल्याचा आवाज तेवढा आला.

"आता खालचं वाचतो. 'तुझी लेकरं परत येतील.' हे अजून झालं नाही. पन वरचं झालं. बेथलेहेमाचं झालं, मिसराचं झालं, साऱ्यायचं झालं. ज्यानं येवढं खरं केलं, त्याले हे बी खरं करा लागन. मी त्याले सोडनार नाही. रोज इचारीन. तोवर मले कोनी गप राहा म्हनू नका."

ती बसली नाही. उरलेले पाठही तिनं वाचले, शेवटपर्यंत, खणखणीत. मधेच कधीतरी गोपीचंदनं मोबाइल कानाला लावला, शाल खुर्चीवर ठेवली आणि 'पुढं कार्यक्रम हाय' असं शेजारच्या कारभाऱ्याला सांगून निघून गेला. उपासना संपून पत्रावळी मांडल्या तेव्हा मांडववाल्याला फोन आला. त्याची पोरं बांबू सोडायला लागली. लोक पंगतीला बसले होते आणि त्यांच्या डोक्यावरचं कापड गुंडाळलं जात होतं. लाउडस्पीकर गेला, खुर्च्या गेल्या. पिपरटोल्याच्या मंडळीनं नाताळचं जेवण भर उन्हात, जमिनीवर बसून केलं.

"सारा नाताळ खराब केला हिनं," एक कारभारी मोठ्यानं म्हणाला. आणखी दोघांनी री ओढली. धुरपतानं पत्रावळीवरून मान वर केली नाही. भाजी जहाल तिखट होती, तिनं दोनदा मागून घेतली.

घरी आल्यावर नत्थू दारातच बसला. चपलाही काढल्या नाहीत. म्हणाला, "ते खालचं वाच एकदा. परत येतील ते." तिनं वाचलं. त्यानं ते शब्द आपल्याशी पुटपुटले, आणि मग हा पोती उचलणारा माणूस गुडघ्यांत डोकं घालून असा रडला, की कुंपणापलीकडची रुखमिणी धावत आली. ती अंगणाच्या कडेला उभी राहिली. आत यावं की नाही ते तिला कळेना.

"मी पाह्यलं होतं," ती म्हणाली. "नाव पाह्यलं होतं. लाल अक्षरांत."

"मले माहीत हाय," धुरपता म्हणाली. "मले कायले सांगतं? ठान्यात सांग."

धुरपतानं तिला जवळ घेतलं नाही. पाणीही विचारलं नाही. तेवढ्या मोठ्या मनाची ती झाली नव्हती. पण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रुखमिणी पास्टरांबरोबर भंडाऱ्याला गेली आणि पोलिसांच्या मोठ्या साहेबांसमोर तिनं जबाब दिला. तीन दिवसांनी मंगेशचं काम सुटलं. महिनाभर तो आईशी बोलला नाही. मग राईस मिलमध्ये नत्थूसोबत जायला लागला.

सगळं नीट झालं असं नाही. जबाबानंतर 'अनोळखी' हा शब्द खोडला गेला. टिप्पर जप्त झाला, ड्रायव्हरला पकडलं, आठ दिवसांत तो जामिनावर सुटला. गोपीचंदचं नाव मालक म्हणून कागदावर आलं, आरोपी म्हणून अजून आलेलं नाही. निवडणूक तो जिंकला. तारखेला धुरपता दरवेळी कोर्टात जाते, बाकावर बसते, पुढची तारीख ऐकते आणि परत येते. शाळा सुटण्याच्या वेळी पिपरटोल्याच्या रस्त्यावर मात्र टिप्पर येत नाहीत, कारण साडेचारला सहा-सात बाया रस्त्याच्या मधोमध उभ्या असतात. त्यांत ख्रिस्ती दोनच. पहिल्या दिवशी धुरपता एकटीच उभी होती.

तिचा राग गेला नाही. पास्टर एकदा म्हणाले, आता थोडं हलकं वाटत असंल ना. ती म्हणाली, "हलकं नाही जी. पन आता राग कोनापाशी न्याचा ते समजलं." रोज सकाळी सूत काढायला बसण्याआधी ती ती खालची ओळ वाचते आणि वर पाहून म्हणते, "केव्हा?" तिची प्रार्थना आता एवढीच आहे.

उन्हाळ्यात पवनीकडून देवकाबाई नावाची एक बाई बस बदलत बदलत तिला शोधत आली. ती ख्रिस्ती नव्हती. नदीत रेती उपसून झालेल्या खड्ड्यात तिचा मुलगा बुडाला होता, पंधरा वर्षांचा. कोर्टात कोणीतरी तिला सांगितलं होतं, की पिपरटोल्यात एक बाई आहे, तिच्यापाशी आपल्यासारख्या बायांचं काही लिहिलेलं आहे.

धुरपतानं तिला ओट्यावर बसवलं, गुळाचा चहा दिला आणि राहेलचं वाचून दाखवलं. देवकाबाई ऐकत राहिली. खालची ओळ आली तशी ती भडकली.

"परत येतील? केव्हा येतील? मेलेलं लेकरू कोनाचं आलं हाय वो?"

धुरपताला तिचा राग आला नाही. बऱ्याच महिन्यांनी कोणीतरी तिच्याच आवाजात बोलत होतं.

"एकीचं आलं," ती म्हणाली. "बेथलेहेमातून वाचलं होतं ना, तेच लेकरू, येशू. मारलं, पुरलं, तिसऱ्या दिवशी आलं. ते बी आधी सांगितलं होतं. त्याच्या मायनं पाह्यलं. आपल्यायचं केव्हा येईन ते मले माहीत नाही, बाई. मी रोज भांडतो त्याच्यासंग."

देवकाबाईनं चहा संपवला. कप खाली ठेवला. परतीच्या बसला अजून दोन तास होते.

"कोठं हाय ते आलेल्याचं?" तिनं विचारलं. "वाच."

धुरपतानं पानं उलटली.